घोरपडीचं तोंड नांदेडकडे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या आमच्या क्लासमध्ये फळ्यापुढे उभी होते. दांड्याच्या टोकाला जोर लावला तर दांडा कोणत्या बाजूला फिरेल, हे मुलांना समजावून सांगत होते. वर्गात मी फोन घेत नाही. पण सुनंदावहिनी सकाळच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून घेतला. "ताई, तुमचे दादा गेले," ती म्हणाली. "अंगणात बसले हुते. चहा मागितला. म्या घेऊन येईपस्तोर..." मी खडू ठेवला, मुलांना काहीतरी सांगितलं आणि निघाले. काय सांगितलं ते मला अजिबात आठवत नव्हतं. नंतर एका मुलीने सांगितलं, "मॅडम, तुम्ही म्हणालात, राहिलेलं पुढच्या रविवारी करू." रविवारी आमचा क्लास नसतो.

'पुढच्या रविवारी' हे मी तीन आठवडे दादालाच सांगत होते. त्याच्या तीनचाकी गाडीचं ऑईल बदलायचं होतं आणि या खेपेला ते मी बदलायचं असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं होतं. "या टायमाला तू करायचं. मी नुसता बसून बघणार," असं तो फोनवर म्हणाला. जन्मात कधी नुसतं बसून काही न बघितलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकल्यावर मला तिथल्या तिथे शंका यायला हवी होती. आली नाही. मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या, जादा तास होते. पुढच्या रविवारी येते म्हणाले. मग पुन्हा तेच. मग पुन्हा... हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मोकळी होते. कारण यापुढे जे सांगायचं आहे ते बहुतेक आनंदाचंच आहे. दादाची आठवण आली की रडू यायच्या आधी मला हुरूप येतो, त्याला माझा इलाज नाही!

मिलिंददादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. अगदी लहानपणी दोन्ही पायांत पोलिओ झालेला. वडील रेल्वेत गँगमन, त्यामुळे आमचं घर मुदखेड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, रुळांना लागूनच. दादा हातात चपला घालून अंगणभर फिरायचा आणि तोही असा झपाट्याने, की पकडापकडीत राज्य कायम माझ्यावर. बाराव्या वर्षापासून तो गल्लीतल्या सायकली दुरुस्त करायला लागला. सायकलीच्या एका अंगाला तो आणि दुसऱ्या अंगाला पाना धरून मी. तो म्हणायचा, डावीकडं फिरव. मग माझा डावा का तुझा डावा यावरून आमचं जुंपायचं, पाना निसटायचा आणि बोटं सोलवटायची ती माझी. एक दिवस त्याने वैतागून रुळांकडे बोट दाखवलं. "ते बग, ती गाडी चालली तिकडं नांदेड. अन् हिकडं भोकर. नांदेड तुझं बी तेच, अन् माझं बी तेच. आता भांडू नको. नांदेडकडं वढ." मी ओढला आणि बोल्ट सुटला! त्या दिवसापासून आमच्या घरातून डावं-उजवं हद्दपार झालं. नळ भोकरकडे बंद व्हायचा, लोणच्याची बरणी नांदेडकडे उघडायची, आई बाबांना म्हणायची, जरा भोकरकडं सरकून झोपा. सुनंदावहिनी लग्न होऊन आली ती उदगीरकडची. पहिले सहा महिने तिला वाटायचं की या घरातली माणसं सारखी कुठेतरी गावाला निघालेली असतात. पुढे तीच आम्हाला सुधारायला लागली. मी भौतिकशास्त्र शिकले, आज वीस वर्षं ते शिकवते आहे, पण 'घड्याळाच्या काट्यांच्या उलट' म्हणताना अजूनही माझ्या मनात आधी नांदेड येतं आणि मग घड्याळ.

भोकरच्या एका सरकारी कचेरीत दादाला लिपिकाची नोकरी लागली. मुदखेड-भोकर रोजचं येणं-जाणं, म्हणून त्याने चारचौघांसारखी स्कूटर घेतली, मागे दोन जादा चाकं लावलेली. तिची सीट उंच. चढवायला एक माणूस, उतरवायला एक माणूस. कचेरीपुढे शिपाई त्याला काखेत हात घालून उचलायचा. शिपाई भला माणूस, कधी कुरकुर केली नाही. पण दादा एकदा मला म्हणाला, "ज्या गाडीत मला दुसऱ्यानं ठुवावं लागतंय, ती गाडी माझी न्हाई. ठुवणाऱ्याची हाय." आणि पुढच्या आठवड्यात स्कूटर विकून मोकळा! मग वर्षभर तो मुदखेडच्या एका वेल्डिंगवाल्याच्या मागे लागला. जुन्या मोटरसायकलचा इंजिनासकट मागचा अर्धा भाग, पुढे दोन चाकं, मध्ये लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि सीट जमिनीपासून फक्त दीड वीत. गिअर, ब्रेक, सगळं हातात. वेल्डिंगवाल्याने तीनदा हात टेकले आणि तीनदा दादाने त्याला पुन्हा उभं केलं. अंगणातून सरकत यायचं आणि सरळ गाडीत बसायचं, कुणी उचलायचं नाही, एवढीच त्याची अट होती. गाडी पहिल्यांदा गल्लीतून गेली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "अरे, घोरपड आली!" दादाला ते नाव इतकं आवडलं की त्याने तिला मातकट हिरवा रंग देऊन टाकला. कागदपत्रांसाठी त्याने किती खेटे घातले ते तोच जाणे. तपासायला आलेले साहेब आधी गाडीभोवती दोन चकरा मारून आले, मग हळूच म्हणाले, "मी बसून बघू का?" बसले, खूश झाले, आणि मग त्यांना उठता येईना. दादाने खालूनच त्यांना हात दिला. ही गोष्ट तो पुढे वीस वर्षं सांगत होता आणि दर खेपेला साहेबांचं वजन दहा किलोंनी वाढत होतं.

त्या गाडीत दादाच्या मागे दाटीवाटीने एक माणूस मावायचा. पहिल्यांदा मी बसले तेव्हा भोकरच्या रस्त्याला लागेपर्यंत डोळे मिटूनच घेतले होते. उघडले तर काय! डांबर हाताला लागेल इतकं जवळ, ज्वारीची ताटं आभाळाला टेकलेली, समोरून येणाऱ्या बैलांची फक्त पोटं दिसतायत, आणि एक कुत्रं माझ्या अगदी डोळ्याला डोळा भिडवून पळतंय. वेग असेल चाळीसचा, पण मी शपथेवर सांगते, शंभरचा वाटत होता. मी किंचाळत होते आणि दादा मान मागे टाकून हसत होता. "समद्यांला वाटतंय मी खाली हाय," तो वाऱ्यात ओरडला. "अगं, खालूनच तर वेग दिसतो!" मी मोठमोठ्या गाड्यांतून फिरले, विमानात बसले, पण तसा वेग पुन्हा कधी अनुभवला नाही. एकदा तर तो कोणाला न सांगता एकटाच मुदखेडहून थेट लातूरला आला. क्लास सुटायच्या वेळी गेटसमोर धुळीने माखलेली घोरपड, तिच्यात धुळीने माखलेला माझा भाऊ आणि भोवती सगळा रस्ता अडवून उभी असलेली मुलं. तो त्यांना विचारत होता, "तुमच्या मॅडम फिजिक्स शिकवतेत म्हणे... पाना धरता येतो का त्यांला?"

आता ऑईलचं. घोरपडीचं पहिलं ऑईल त्याने नांदेडच्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतलं. मेकॅनिकने आदराने खुर्ची पुढे केली, दोघांनी त्याला उचलून खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाले, साहेब, तुम्ही बसा, आम्ही बघतो. दादा तासभर बसला. घरी आला तो धुसफुसतच. "समदं आयुष्य लोकं मला बसा म्हणून राहिलेत. अरे, मी तर बसेलच हाय! अन् हे तर बसल्या बसल्या व्हायचं काम हाय." पुढच्या वेळेपासून घोरपडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. रविवारी सकाळी तो आधी रेल्वे फाटकापर्यंत एक फेरी मारून यायचा, कारण तेल गरम असलं की सगळी घाण सोबत घेऊन खाली येतं. बाबांनी आणलेल्या, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरची चार बोटं जाडीची एक फळी अंगणात मधोमध टाकलेली असायची. पुढची दोन चाकं तिच्या दोन बाजूंनी जायची आणि मागचं चाक फळीवर चढायचं, की इंजिनाखाली हात घालायला जागा झाली. दादा सरकून खाली उतरायचा, गाडीच्या डाव्या अंगाला बसायचा, घमेलं आत ढकलायचा आणि सतराचा पाना लावून स्वतःलाच सांगायचा, "नांदेडकडं." अंगणाचं दार भोकरच्या अंगाला होतं, त्यामुळे आत आलेल्या घोरपडीचं तोंड कायम नांदेडकडेच असायचं. बोल्ट सुटला की काळंभोर तेल घमेल्यात पडायचं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हा माणूस जागचा हलायचा नाही. गल्लीतल्या बाया डबे घेऊन हजर असायच्या. ते जळकं तेल दाराच्या चौकटींना लावलं की वाळवी लागत नाही. एकदा घमेलं सापडेना म्हणून त्याने वहिनीची कणकेची परात घेतली. त्यानंतर आठ दिवस वहिनी त्याच्याशी फक्त माझ्यामार्फत, फोनवरून बोलत होती.

बोल्ट परत बसवताना मात्र तो गंभीर व्हायचा. नवं वॉशर घालायचा, बोटांनी फिरवत फिरवत बोल्ट आत न्यायचा आणि शेवटी पान्याने जरासाच आवळायचा. "भोकरकडं. पण लई न्हाई. आटे गेले की समदं गेलं." इंजिन जुनं, त्याचं खालचं चेंबर आता कुठे मिळत नाही. त्या भोकातले आटे झिजले की गाडी कायमची उभी, हे तो मला इतक्या वेळा सांगायचा की मला राग यायचा. मी काय करणार आहे का तुझं ऑईल, असं मी म्हणायचे.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भोकरच्या कचेरीतली माणसं आली, वेल्डिंगवाला आला, तो शिपाई आला आणि ओक्साबोक्शी रडला. सगळे गेल्यावर वहिनी मला घोरपडीजवळ घेऊन गेली. सीटवर झेंडूचा हार होता आणि पुढच्या चाकाशी अगरबत्तीची राख. "बघा," ती म्हणाली. "आताच कुणीतरी करून गेलं. हितं उभी राहिली तर लोकं तिचं देऊळ करतेन, ताई. तुमच्या दादांला चाललं असतं का?" मी नाही म्हणाले. तिने हार काढला, राख पदराने झटकली. "चालवणार असाल तर न्या. ठुवणार असाल तर नका नेऊ. अन् आधी तिचं ऑईल करा. तुम्ही करणार हुता म्हणे." हे ती टोचून बोलली नाही. टोचून बोलली असती तर बरं झालं असतं... मी घोरपड छोट्या टेम्पोत घालून लातूरला आणली. वहिनीने सोबत ती स्लीपरची फळीसुद्धा दिली.

आणि मग रविवार आला. मी गुडघ्यांच्या कुरबुरीमुळे गेली सहा वर्षं जमिनीवर बसलेली नाही, हे आधी नमूद करते. आमच्या इमारतीपुढच्या गल्लीत मी घोरपडीत बसले, म्हणजे जवळजवळ पडलेच, आणि सुरू केली. एकटीने पहिल्यांदा! डाळ मिलच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. क्लासची मुलं रस्त्यात थबकून बघत होती, एकाने तर चहाचा ग्लास पाडला, आणि मी, पन्नाशी ओलांडलेली बाई, हात हलवत होते. इंजिन तापलं. मागचं चाक फळीवर चढवलं, खाली सरकले, डाव्या अंगाला बसले, घमेलं ढकललं. सतराचा पाना बोल्टला बसवला. मग मान वर करून नांदेड शोधलं. मिलच्या मागे, उगवतीच्या अंगाला. आणि सगळा जीव एकवटून पाना नांदेडकडे ओढला.

बोल्ट हलेना. मी पुन्हा ओढला. पाय लावून रेटला, आणि तो किंचित हलला! मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "दादा!" म्हणाले. पुन्हा रेटला. आता तर ढिम्म. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले करीमभाई बराच वेळ लांबून बघत होते, ते आले. आधी म्हणाले, "मॅडम, तुम बैठो, मैं करता." मी त्यांच्याकडे असं बघितलं असेल की ते दोन पावलं मागे सरकले. मग वाकून त्यांनी पाना बघितला, मला बघितलं. "खोलना है ना मॅडम? तुम तो कस रहे!"

वीस वर्षं जी बाई हजारो मुलांना दांडा कुठे फिरेल ते सांगते, ती पंधरा मिनिटं बोल्ट आवळत बसली होती. मुदखेडच्या अंगणात घोरपडीचं तोंड नांदेडकडे असायचं. इथे गल्लीत ते नेमकं उलट्या अंगाला होतं. नांदेड जागेवरच होतं, मी उलटी बसले होते. आणि मग खरी भीती आली ती आट्यांची. पाय लावून रेटलं होतं मी... त्याने वीस वर्षं जपलेले आटे मी एका सकाळी संपवले असतील, तर ही गाडी आता खरोखर हार घालण्याच्याच लायकीची उरली. तीन रविवार मी गेले नाही आणि शेवटी कामाला हात लावला तो हा असा.

"अब उल्टा फिराओ," करीमभाई हळू आवाजात म्हणाले. साधी गोष्ट होती. पाना दुसऱ्या बाजूला ओढायचा. पण माझा हात जाईना. माझं शिक्षण मला एक सांगत होतं आणि हाताला दुसरंच माहीत होतं. नांदेडकडे सुटतं एवढंच त्या हाताला माहीत होतं, आणि ते त्याला दादाने शिकवलं होतं. मी म्हणाले, "करीमभाई, गाडी फिरवायची आहे."

"पाना फिराना है, मॅडम."

"पाना नाही. गाडी."

काय समजले कोण जाणे, करीमभाईंनी बाह्या सरसावल्या. आमचे हे वरून खाली आले, शेजारचे दोघे आले. घोरपड फळीवरून उतरवली, चौघांनी उचलून जागच्या जागी फिरवली आणि पुन्हा फळीवर चढवली. तोंड नांदेडकडे. मी सरकत तिच्या डाव्या अंगाला गेले, पाना लावला, डोळे मिटले आणि ओढला. कर्रकन आवाज झाला. मला वाटलं, गेले आटे. पण बोल्ट फिरत होता, बोटांनी फिरत होता, आणि मग तो माझ्या हातात आला. करीमभाईंनी तो उन्हात धरून त्यावरून नख फिरवलं. "सलामत है," ते म्हणाले.

तेल माझ्या मनगटावरून घमेल्यात पडत होतं. एवढा वेळ गेला होता तरी कोमट होतं. हे दादाने भरलेलं तेल. त्याच्या शेवटच्या सगळ्या फेऱ्या याच्यात होत्या, भोकरला जायच्या आणि यायच्या, आणि मी तीन रविवार आले नाही म्हणून हे जास्तीचे तीन आठवडे त्याने याच तेलावर काढले. मी रडले. भर गल्लीत, जमिनीवर बसून, काळ्या हातांनी, मोठमोठ्याने रडले. कोणी मला ऊठ म्हणालं नाही, कोणी हात दिला नाही. त्याबद्दल मी त्या चौघांची ऋणी आहे. धार बारीक झाली, मग थेंब झाले. मी तसल्याच हाताने वहिनीला फोन लावला.

"सुटला, वहिनी."

तिने विचारलं, "कुणीकडं वढला?"

"नांदेडकडं."

"हाव... मंग आता भोकरकडं आवळा, ताई. लई न्हाई."

शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही दोघी फोनवर तशाच होतो. मग मी नवं वॉशर घातलं आणि बोल्ट आवळला.